मीठा पानी

प्राण्यांच्या दवाखान्यात रोगी स्वतः बोलत नाही, ही गोष्ट इतकी उघड आहे की तिच्याविषयी विचार करावा असे सहसा कुणाला वाटत नाही. मला ते वाटले याचे कारण माझा व्यवसाय. गेली अनेक वर्षे मी नागपुरात मराठी साहित्य शिकवते. निवेदक कोण, तो कुठे उभा आहे, त्याला काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाही, हे प्रश्न मी विद्यार्थ्यांना इतक्या वेळा विचारले आहेत की आता ते माझ्या बोलण्यातली सवय होऊन बसले आहेत. वेन बूथने १९६१ साली 'द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन' या ग्रंथात अविश्वसनीय निवेदकाची संकल्पना मांडली. आपण ती कादंबरीपुरती शिकवतो आणि परीक्षेत टिपा लिहायला विचारतो. पशुवैद्यकाच्या टेबलावर मात्र प्रत्येक कथा तृतीय पुरुषीच असते. जे घडले ते एकाच्या अंगावर घडलेले असते आणि सांगणारा दुसराच असतो. त्या दुसऱ्याने बहुधा सगळे पाहिलेले नसते, आणि पाहिले त्यातलेही काही त्याला महत्त्वाचे वाटलेले नसते.

पुष्कळ आजारांत डॉक्टरला या निवेदकाला वळसा घालून जाता येते. मोडलेले हाड क्ष-किरणांत दिसते, ताप थर्मामीटरवर कळतो. रक्तातल्या सोडियमचा बिघाड असा नाही. त्याचा आकडा यंत्र काही मिनिटांत छापून देते, पण तेवढ्यावर उपचार ठरवता येत नाही. हा आकडा इथवर यायला किती वेळ लागला, हे कळावे लागते आणि ते यंत्राला सांगता येत नाही. ते सांगणारा निवेदकच लागतो.

हे मला कळले ते काही वर्षांपूर्वी नवतप्याच्या दिवसांत. नागपूरकरांना नवतपा समजावून सांगावा लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते, २५ मेच्या सुमारास सुरू होणारे हे नऊ दिवस उन्हाळ्याचे टोक मानले जातात. पारा पंचेचाळीसच्या पुढे असतो आणि कूलरच्या टाकीतले पाणीही दुपारी कोमट लागते. उत्तरपत्रिकांच्या मूल्यांकनासाठी मी दोन दिवस अमरावतीला गेले होते. घरी आई होती आणि गोटू, म्हणजे आमचा आठ किलोंचा पांढरा, केसाळ कुत्रा. दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला, की गोटूला पहाटे झटके आले, शेजारच्या मुलाच्या गाडीवरून त्याला दवाखान्यात नेले आहे. मी अकराच्या सुमारास तिथे पोचले तेव्हा तो पिंजऱ्यात आडवा होता. डोळे उघडे होते, पण पाहत नव्हते. पायाला सलाइनची नळी लावलेली. डॉक्टर तरुण होते, इथल्याच सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. त्यांनी मला कागदाची एक छोटी पट्टी दाखवली. सोडियम १८६.

कुत्र्याच्या रक्तात सोडियम लिटरला साधारण १४० ते १५५ मिलिइक्विव्हॅलंट असते. १७०च्या वर गेले की मेंदूवर परिणाम दिसू लागतात. १८६ म्हणजे काय, हे डॉक्टरांनी मला औषधाच्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला गणित मांडून सांगितले. शरीराच्या वजनाचा सुमारे ०.६ भाग पाणी, त्याला आताच्या आणि असायला हव्या त्या सोडियमच्या प्रमाणातून एक वजा करून गुणायचे. उत्तर आले साधारण एक लिटर साडेतीनशे मिलिलिटर. गोटूच्या अंगात असलेल्या मिठाच्या मानाने इतके पाणी कमी होते.

"मग देऊन टाका ना तेवढं पाणी," मी म्हटले. माझ्या जागी कुणीही हेच म्हटले असते.

"तेच करता येत नाही, मॅडम," ते म्हणाले. "ते एकदम दिलं तर पाण्यानंच जाईल तो."

यामागचे कारण त्यांनी सांगितले ते मी नंतर वाचून पडताळले आणि तेव्हापासून ते माझ्या मनातून गेलेले नाही. रक्तात मीठ वाढले की पेशींमधले पाणी बाहेर ओढले जाते. मेंदूच्या पेशी आक्रसतात, मेंदू कवटीपासून किंचित सुटतो, त्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या ताणून फुटू शकतात. मेंदू मात्र हे निमूट सोसत नाही. एक-दोन दिवसांत त्याच्या पेशी स्वतःच्या आत टॉरिन, इनोसिटॉल यांसारखे विद्राव्य पदार्थ साठवू लागतात आणि त्यांच्या जोरावर गेलेले पाणी परत आत ओढून घेतात. म्हणजे बाहेर खारट होत गेले तसा मेंदूही आतून एका अर्थी खारट होतो आणि त्या नव्या परिस्थितीत पुन्हा आपल्या मूळ आकाराला येतो. एकदा ही तडजोड झाली की धोका उलट दिशेचा होतो. आता रक्त पटकन पातळ केले तर मेंदूतले हे साठवलेले पदार्थ तितक्या पटकन बाहेर पडत नाहीत. पाणी आत धावते, मेंदू सुजतो आणि कवटीला वाढायला जागा नसते. म्हणून बिघाड जुना असेल तर सोडियम तासाला अर्ध्या मिलिइक्विव्हॅलंटहून जास्त उतरू द्यायचे नाही, दिवसाकाठी दहा-बारा, असा दंडक आहे. १८६ वरून १५० पर्यंत यायचे तर छत्तीसची उतरण, म्हणजे बहात्तर तास. बिघाड नवा असेल, काही तासांचा, तर ही तडजोड अजून व्हायचीच असते. तिथे भराभर उतरवता येते, किंबहुना उतरवायला हवेच, कारण आक्रसलेला मेंदू ताणावर असतो. आकडा दोन्हीकडे तोच, उपचाराची गती मात्र निराळी.

आणि गोटूची गोष्ट जुनी होती की नवी? आईने सांगितले होते की उन्हामुळे तो दोन-तीन दिवस मलूलच होता, खात नव्हता, पाणीही नेहमीसारखे पीत नव्हता. डॉक्टरांनी ते जुने धरले. काळ नक्की ठाऊक नसेल तर जुनाच धरायचा, हा त्यांच्या शास्त्रातला सावधपणा आहे आणि तो रास्त आहे. दर चार तासांनी रक्त तपासले जात होते. सकाळी आठला १८६, बाराला १८५, चारला १८३. झटके थांबवायचे औषध चालू होते, तरी दुपारी एकदा पाय ताठ झालेच.

शेजारच्या पिंजऱ्यात काटोलच्या एका संत्रा-बागायतदाराची लॅब्रॅडॉर कुत्री होती. तिचे सोडियम होते ११८. एकाला मीठ जास्त, दुसरीला कमी, मध्ये फक्त गजांची एक भिंत. त्या गृहस्थांना मी दिवसभर ऐकत होते, आणि मला कबूल करायला हवे की इतका उत्तम निवेदक मी फार क्वचित ऐकला आहे. त्यांच्या खिशात एक वही होती. बागेला पाणी कधी दिले, फवारणी कधी केली याच्या नोंदींमध्येच कुत्रीच्या नोंदी होत्या. कोणत्या तारखेला तिने भाकर सोडली, कोणत्या दिवशी उलटी, कधी आपोआप बरी होऊन बांधावर धावली, पुन्हा आठवड्याने कधी बसली. असे गेले दीड-दोन महिने चालले होते. हे चढउतार ऐकूनच डॉक्टरांना संशय आला. रक्तात सोडियम ११८ आणि पोटॅशियम ७.८ निघाले. निरोगी कुत्र्यात या दोहोंचे गुणोत्तर सत्तावीसच्या वर असते, इथे ते पंधरा होते. लंडनच्या थॉमस ॲडिसनने १८५५ साली माणसांत ज्याचे वर्णन केले तो मूत्रपिंडावरच्या ग्रंथींचा रोग कुत्र्यांनाही होतो. या ग्रंथींची संप्रेरके आटली की शरीराला मीठ धरून ठेवता येत नाही.

इथेही गतीचा प्रश्न तोच, फक्त आरशातल्यासारखा उलटा. सोडियम हळूहळू उतरत गेले की मेंदू सुजू नये म्हणून आपले विद्राव्य पदार्थ बाहेर टाकून हलका होतो. मग ते कुणी घाईने वर चढवले तर पेशी आक्रसतात आणि मज्जातंतूंवरचे मायलिनचे वेष्टण गळून पडते. माणसांत हा प्रकार ॲडम्स, व्हिक्टर आणि मँकॉल यांनी १९५९ मध्ये प्रथम वर्णिला. पुढे तो कुत्र्यांतही आढळला, माणसात बहुधा मेंदूच्या खोडात, तर कुत्र्यात थॅलॅमसमध्ये. त्यातली क्रूर गोष्ट अशी की इजा लगेच दिसत नाही. सोडियम नीट झालेले असते, जनावर उठून शेपूट हलवते, मालक निश्चिंत होतो, आणि तीन-चार दिवसांनी ते अडखळू लागते, गिळू शकत नाही, चारही पाय लुळे पडतात. म्हणून बाटली निवडतानाही विचार करावा लागतो. आपण ज्याला सरसकट 'सलाइन' म्हणतो त्या नॉर्मल सलाइनमध्ये सोडियम १५४ असते, रिंगर लॅक्टेटमध्ये १३०, आणि पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये शून्य. ११८ च्या रोग्याला १५४ ची बाटली भरधाव सोडणे म्हणजे नेमकी ती घाई. डॉक्टरांनी तिला रिंगर लॅक्टेट लावले होते, तेही मोजून.

"डाक्टरसाहेब, नळी थोडी मोकळी सोडा नं," बागायतदार दर तासाने म्हणत. नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मॅडम, मले वाटे का सलाईन भराभर गेली म्हणजे कुत्री भराभर उठते." गंमत अशी की हळू जायला हवे हे डॉक्टरांना खात्रीने कळले होते ते त्यांच्याच वहीवरून.

आता माझ्या विषयाकडे येते. गोटूच्या पिंजऱ्याला त्याचा केसपेपर अडकवलेला होता. वरच्या चार ओळी सकाळी नोंदणी करणाऱ्या मदतनीस मुलाने लिहिल्या होत्या. तो छिंदवाड्याकडचा, मराठी छान समजते, लिहितो हिंदीत. ओळी अशा: 'दो-तीन दिन से सुस्त. कल शाम छिपकली खाई. मीठा पानी पिलाया. उल्टी. सुबह झटके.' ही पाल मी आणि डॉक्टरांनी दोघांनीही सोडून दिली होती. घरातली पाल विषारी नसते, पण ती अन्नात पडली किंवा कुत्र्याने गिळली की आपल्याकडे हाहाकार होतो, हे दोघांनाही माहीत होते. साखरपाणी पाजले असेल, त्यानेही काही बिघडत नाही. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास आईचा फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, "काकूंनी मीठ-पाणी पाजलं तेव्हा तर किती बरं ओकला होता तो."

मी फोन कानाला तसाच धरून केसपेपर पुन्हा वाचला.

मराठीतले 'मीठ' आणि हिंदीतले 'मीठा' ही एकाच घरातली भावंडे आहेत. दोन्ही संस्कृत 'मृष्ट' किंवा 'मिष्ट' पासून प्राकृत 'मिट्ठ' मार्गे आली. मूळ अर्थ रुचकर, स्वादिष्ट. हिंदीने तो स्वाद साखरेकडे नेला आणि मराठीने मिठाकडे. ज्याच्यावाचून जेवणाला चव नाही ते मीठ, आणि ते नसले तर 'अलवण' वरून आलेले अळणी. संस्कृतातले लवण आपण लावण्यात ठेवले आणि स्वयंपाकघरात मात्र गोडाचा शब्द मिठाला दिला. हे मी वर्गात अर्थबदलाचे उदाहरण म्हणून किती वेळा सांगितले असेल! नागपुरात ते सांगायला विशेष मजा येते, कारण १९५६ पर्यंत हे शहर हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांच्या प्रांताची राजधानी होते आणि आजही इथल्या बाजारात एका वाक्यात दोन्ही भाषा नांदतात. आम्हाला कधी घोटाळा होत नाही, असा आमचा समज असतो. आई मूळची दर्यापूरकडची, खारपाणपट्ट्यातली. पूर्णेच्या खोऱ्यातल्या त्या भागात, अमरावती, अकोला, बुलढाण्याच्या कितीतरी गावांत, विहिरीचे पाणीच खारे. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात समुद्र शेकडो मैल दूर असताना अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला लोकांनी मीठ तयार केले ते अशाच खाऱ्या पाण्यातून. त्या मुलखात गोड पाणी म्हणजे साखरेचे नव्हे, पिण्याजोगे. हिंदीतल्या 'मीठा पानी'लाही हा दुसरा अर्थ आहेच. म्हणजे आईने उच्चारलेले 'मीठ-पाणी' त्या मुलाच्या कानात पडले तेव्हा त्याच्यापुढे दोन निरुपद्रवी अर्थ तयार होते. तिसरा, जो खरा होता, तो त्याच्या भाषेत त्या शब्दाला नव्हताच. त्याने जे ऐकले ते प्रामाणिकपणे लिहिले.

मी काकूंना फोन लावला. किती मीठ, विचारले. आमटीच्या चमच्याने दोन, त्यांनी सांगितले, पेलाभर पाण्यात कालवून. कधी, तर दिवेलागणीला, सहा-साडेसहाच्या सुमारास. मोठा चमचाभर मीठ सतरा-अठरा ग्रॅम भरते. दोन म्हणजे पस्तीस. कुत्र्यात वजनाच्या किलोमागे दोन-तीन ग्रॅम मीठ विषबाधेची लक्षणे दाखवते आणि चार ग्रॅमच्या आसपास ते प्राणघातक ठरू शकते. गोटू आठ किलोंचा. त्यातले काही ओकून गेले म्हणून तो अजून होता. उलटी करवण्यासाठी मीठ पाजणे हा माणसांसाठीही जुना घरगुती उपाय आहे आणि जनावरांसाठीही तो दीर्घकाळ सुचवला जात असे. आता पशुवैद्यक तो कटाक्षाने टाळायला सांगतात, कारण उलटी नाही झाली तर सगळे मीठ पोटात राहते आणि खाल्लेल्या वस्तूपेक्षा तेच घातक ठरते. काकूंचा त्यात काय दोष काढणार? त्यांना गोटूचा लळा होता आणि हातात होते ते मीठ.

मी डॉक्टरांना सांगितले. त्यांनी प्रथम घड्याळ पाहिले. पावणेसहा वाजले होते. मीठ पोटात जाऊन चोवीस तास व्हायला अजून अर्धा-पाऊण तास होता. मला वाटले होते, आता ते नळी मोकळी सोडतील. त्यांनी तसे केले नाही. बाहेरच्या बाकावर दोन मिनिटे बसले, कुणा ज्येष्ठ सहकाऱ्याशी फोनवर बोलले, मग परत आले. दोन-तीन दिवसांचा मलूलपणाही खराच असू शकतो, उन्हाने थोडे सोडियम आधीच चढले असेल आणि त्यावर मीठ पडले असेल, असे ते म्हणाले. दोन्ही निवेदने खरी धरून मधली वाट काढायची. अर्ध्याऐवजी तासाला एक अशी उतरण त्यांनी ठरवली, डेक्स्ट्रोज वाढवले, मूत्रावाटे मीठ बाहेर जावे म्हणून फ्युरोसेमाइड दिले आणि रक्त दर दोन तासांनी तपासायला सांगितले. तो मदतनीस मुलगा तिथेच उभा होता. मी त्याला शब्द समजावून सांगितला. "नमक?" तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा उतरला. मी म्हटले, तुझी भाषाही बरोबर होती आणि आईचीही. ते त्याला पटले असे वाटले नाही.

त्या रात्री दवाखान्यात बसून मी डॉक्टरांना विचारले की खेड्यात हा प्रकार होतो का. ते म्हणाले, होतो, फक्त तिथे कुणी सोडियम मोजत नाही. डुकरांतल्या मिठाच्या विषबाधेविषयी त्यांच्या पाठ्यपुस्तकांत लिहिलेले असते की बहुतेक वेळा डुकराने मीठ फार खाल्लेले नसतेच, त्याला पाणी मिळालेले नसते. आणि ते कोसळते बहुधा तहानेत नव्हे, तर पाणी पोटभर मिळाल्यावर. म्हणून त्यांना पाणी थोडे थोडे, थांबून थांबून द्यायचे. बराच वेळ पाण्यावाचून ठेवलेली वासरे एकदम हौदाशी सोडली तर इतके पितात की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून लघवी लाल होते. आमच्याकडचे जुने शेतकरी उन्हातून आलेल्या बैलाला लगेच हौदावर नेत नाहीत, आधी सावलीत उभा करतात, मग थोडे पाजतात, मग पुन्हा. मी लहानपणी आजोळी हे पाहिले होते आणि मला तो बैलाला शिस्त लावायचा प्रकार वाटे.

रात्री दहाला १७९. पहाटे दोनला १७४, म्हणजे ठरल्यापेक्षा किंचित वेगाने, तेव्हा डॉक्टरांनी उठून थेंब कमी केले. झटके मध्यरात्रीनंतर आले नाहीत. पुढच्या दिवशी सकाळी १६७, रात्री १५६. गोटू मान उचलू लागला, पण त्याला दिसत नव्हते. हात पुढे केला तर तो भलत्याच दिशेला हुंगायचा. डोळे ठीक आहेत, मेंदूचा तो भाग अजून सावरायचा आहे, असे सांगण्यात आले. तिसऱ्या दिवशी सोडियम १५१ झाले आणि त्याला वाटीने पाणी पाजायला सुरुवात झाली, दर अर्ध्या तासाने पन्नास मिलिलिटर. तो वाटी चाटून कोरडी करायचा आणि मग रिकाम्या वाटीला नाकाने ढकलत राहायचा. त्याला आणखी न देणे हे त्या तीन दिवसांतले सर्वांत अवघड काम होते. दृष्टी परत यायला नऊ दिवस लागले. तोवर तो घरभर भिंतींना धडकत फिरला आणि काकू रोज येऊन, त्याच्या वाटेतल्या खुर्च्या उचलून, गच्चीत नेऊन ठेवत.

काटोलची कुत्री दुसऱ्या दिवशी उठून उभी राहिली. सोडियम १२७ झाले होते, ठरल्याप्रमाणे. बागायतदारांना तिला लगेच घरी न्यायचे होते. संत्र्याच्या बागा पाण्याविना जळत होत्या आणि इथे ते बाकावर बसून होते. डॉक्टरांनी तिला सातव्या दिवसापर्यंत सोडले नाही. इजा चौथ्या-पाचव्या दिवशी दिसते, हे त्यांना समजावताना डॉक्टर थकले. शेवटी ते म्हणाले, "तुम्ही वहीत लिहीत जा, ती कशी चालते ते." मग मात्र ते शांतपणे बसले. त्या वहीतले एक पान त्यांनी मला दाखवले. त्यावर सोडियमचा एकही आकडा नव्हता. तारीख, वेळ, आणि पुढे: डाव्या अंगाने बसली. पाणी प्याली, ठसका नाही. चार पावले सरळ. पायरी चढली. माणूस पाहून शेपूट.